तबला : अनिल भागवत

सध्या आमच्या सोसायटीत मला बघितलं की लोक लिफ्ट सोडून जिना धरतात. दोष माझाच. लिफ्टमध्ये सापडलेल्या माणसाला मी सोडत नाही. "तुम्ही 'हिअर कम्स द सन' ऐकलंय का? ऐकलं असेलच हो, पण मोजलंय का?" एवढं विचारेपर्यंत त्याचा मजला येतो, मग मी पाय घालून दार अडवतो. बायको म्हणते, "अहो, माणसं दुधाच्या पिशव्या घेऊन उभी असतात, जाऊ द्या त्यांना." पण कसं जाऊ देऊ? मी पन्नाशीला टेकलोय. गांधर्वच्या मध्यमापर्यंत तबल्याच्या परीक्षा दिल्या, वर्षानुवर्षं भजनी मंडळात ठेका धरला, आणि इंग्रजी गाणं म्हणजे मंगल कार्यालयाबाहेरचा डीजे एवढीच माझी ओळख. अशा माणसाच्या हातात या वयात एकदम बीटल्स पडले, तर तो गप्प बसेल होय!

हो, बीटल्स. साठ वर्षांपूर्वीचे, लिव्हरपूलचे. सगळ्या जगाला ठाऊक होते, माझ्यापर्यंत यायला त्यांना पिंपळे सौदागरातला गिटारचा क्लास लागला.

आमच्याकडे दर दुसऱ्या इमारतीत कसला ना कसला क्लास आहे. खाली औषधांचं दुकान, वर अबॅकस, त्याच्या वर गिटार. एकेकाळी पवनेकाठची शेती असलेल्या या गावात आता संध्याकाळी कुणाल आयकॉन रोडवर निम्मी रहदारी क्लासला सोडायला निघालेल्या आईबापांचीच असते. माझी धाकटी ट्रिनिटीच्या ग्रेडची तयारी करते. लंडनची परीक्षा, फी पण लंडनचीच. तिला वर सोडून मी खाली गाडीवर बसून राहतो. त्या दिवशी वरच्या खिडकीतून एक गाणं यायला लागलं. गोड, साधं, केरव्याच्या अंगानं जाणारं. सवयीनं मी सीटवर बोटं धरली. धा गे ना ति, न क धि न. छान चाललं होतं. आणि मधेच माझा ठेका एकीकडे, गाणं दुसरीकडे! सम हुकली. पुन्हा पकडली, तेवढ्यात वर ते कडवं त्यांनी परत घेतलं, पुन्हा हुकली. भजनात बुवांनी कितीही आडवीतिडवी तान घेतली तरी माझी सम सहसा सुटत नाही, आणि इथं एक बारा वर्षांची पोरगी गिटारवर मला चकवत होती.

घरी आल्या आल्या तिची वही मागून घेतली. "बाबा, त्या ब्रिजमध्ये टाइम सिग्नेचर बदलते," ती म्हणाली आणि बोट ठेवून दाखवलं. अर्ध्या-अर्ध्या मात्रेनं मोजलं तर आधी अकरा, मग आठ, मग सात. त्या अकरांत तीन-तीनचे तुकडे. मी ते तोंडानं म्हणून बघितलं: तकिट तकिट तकिट तक. आणि खुर्चीतून उठलोच. अहो, ही तर आपल्या घरातली चाल! तीन-तीनचे तुकडे टाकत ऐकणाऱ्याचा तोल घालवायचा आणि मग अलगद समेवर आणून सोडायचं. तिहाईच्या जातकुळीतलं काम आहे हे.

मग वाचायला लागलो. ते गाणं म्हणजे 'हिअर कम्स द सन', बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं, १९६९च्या वसंतातलं. बीटल्सच्या कंपनीच्या हिशेबाच्या बैठकांना कंटाळून हा गडी एक दिवस चक्क दांडी मारून मित्राकडे, एरिक क्लॅप्टनच्या बंगल्यावर गेला आणि तिथल्या बागेत गिटार घेऊन हिंडता हिंडता हे गाणं झालं. पण ती मोजणी त्याच्या बोटांत आली कुठून? मुंबईतून! सप्टेंबर १९६६मध्ये तो ताजमहाल हॉटेलात मुक्काम ठोकून पंडित रविशंकरांकडे सतारीचे धडे घेत होता. पुढं सतार त्यानं बाजूला ठेवली, पण हिशेब डोक्यात राहिला. ड्रमवाल्या रिंगोला त्यानं सांगितलं की हे गाणं साडेसातच्या तालात आहे, आणि रिंगोनं ते कसंबसं आपल्या पद्धतीनं बसवलं, असं रिंगोच मजेनं सांगतो. मला तर त्या रिंगोचा फार उमाळा आला. ज्याला लिहून दिलेलं वाचायचं नाही, नुसतं कानानं समेवर यायचंय, त्याचे हाल मला ठाऊक आहेत.

२०२३मध्ये हे गाणं एकट्या स्पॉटिफायवर शंभर कोटी वेळा वाजून झालं. बीटल्सचं या आकड्याला पोहोचलेलं ते पहिलं गाणं. ऐकणाऱ्यांत बहुतेक जण ते गाणं बाहेर आलं तेव्हा जन्मालासुद्धा आले नसणार. मग मला प्रश्न पडला आणि तेव्हापासून तो डोकं खातोय: ही गाणी मरत का नाहीत?

माझं उत्तर मी सांगून टाकतो, नाहीतर लिफ्टचं दार बंद होईल. ही गाणी टिकली कारण ती पाठांतराच्या चाळणीतून गाळूनच बाहेर आलेली आहेत, आणि प्रत्येकात एक जागा आहे.

चाळणीचं आधी. बीटल्समधल्या जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांना स्वरलेखन येत नव्हतं. कागदावर सूर उतरवता येत नाहीत, सुरुवातीला जवळ टेपरेकॉर्डरही नाही. तेव्हा त्यांनी साधा नियम केला. आज केलेलं गाणं उद्या सकाळी आपल्याला आठवलं नाही, तर सोडून द्यायचं, कारण आपल्यालाच आठवत नाही ते लोकांना काय आठवणार! मॅकार्टनीनं हे अनेकदा सांगितलंय. मी चाकणला क्वालिटीत आहे, इन्स्पेक्शन हे माझं रोजचं काम. पण माल बाजारात जायच्या आधी स्वतःच्या विसरण्यालाच गेज करायचं ही कल्पना मला कधी सुचली नसती. रात्रभरात जे गळून गेलं ते स्क्रॅप. उरलं ते गाणं.

आणि हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर दुसरं तिसरं काही नाही, देहू आलं. आमच्यापासून वीसेक किलोमीटर. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या, तेरा दिवसांनी तरल्या, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कोणी म्हणतं वह्याच वर आल्या, कोणी म्हणतं लोकांना अभंग तोंडपाठ होते, पाण्यात कागद गेला तरी गाथा गावोगावच्या तोंडात होती. काही का असेना, आषाढीच्या आधी पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते तेव्हा रस्त्यानं जे लाखो लोक गात जातात त्यांच्यातल्या कितींना स्वरलेखन वाचता येतं? वारकरी मंडळींनी रागावू नये. मी थोरवीची तुलना करत नाही, कुठं तुकोबा आणि कुठं ही पोरं. मी पाठांतराबद्दल बोलतोय. तोंडात बसलेलं बुडत नाही.

आता जागा. हा आपला शब्द, आणि त्याला तोड नाही. वसंतरावांनी अमुक जागा काय घेतली, बाबूजींची ती जागा, असं आपण म्हणतो ना, तीच. नुसतं सोपं असून भागत नाही. सोपं तर दंतमंजनाच्या जाहिरातीचं गाणंही असतं. 'यस्टरडे' घ्या. या गाण्याची चाल मॅकार्टनीला झोपेत सुचली. जागा झाला तो उशाशी असलेल्या पियानोवर जाऊन बसला, आणि नंतर महिनाभर भेटेल त्याला विचारत सुटला की ही चाल कोणाची आहे, मी कुठं ऐकलेली तर नाही ना? कोणीच हक्क सांगेना तेव्हा त्यानं ती आपली म्हणून ठेवून घेतली. शब्द सुचेपर्यंत 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' असे अंड्यांच्या भुर्जीचे शब्द घालून तो ती गुणगुणायचा. हे आपल्याकडच्या संगीतकारांच्या डमी शब्दांसारखंच झालं! जून १९६५मध्ये ते ध्वनिमुद्रित झालं. बाकीच्या तिघांपैकी एकही त्यात वाजवत नाही; पॉल, त्याची गिटार आणि चार तंतुवाद्यं. जेमतेम दोन मिनिटांचा मामला.

मी ते कंपनीच्या बसमध्ये ऐकलं. चार-चार मात्रांचे खण मोजत. सर्वसाधारण गाण्यात आठ खणांनी ओळ पुरी होते, शरीराला त्याची सवयच असते. इथं सात खण होतात आणि आठव्यासाठी मी हात उचलावा तोवर गाणं पुढच्या ओळीवर निघून गेलेलं असतं. सात! पुन्हा मागं नेऊन मोजलं. सातच. शेजारचा वेल्डिंगवाला म्हणाला, "साहेब, बोटं काय मोजताय, पगार का?" आणि दुसऱ्याच खणात ते गाणं उजेडातून सावलीत शिरतं, ते वेगळंच. ऐकणाऱ्याला यातलं काहीच कळायची गरज नाही. त्याला फक्त एवढं होतं की काहीतरी हातातून लवकर निसटलं, आणि ते पुन्हा ऐकावंसं वाटतं. हजारांवर गायक-वादकांनी हे गाणं आपापल्या पद्धतीनं पुन्हा केलंय. त्यांनाही बहुधा तो आठवा खण शोधायचा असेल.

सावलीत शिरणं म्हणजे काय, हे मला आमच्या हार्मोनियमवर उमगलं, आणि त्या रात्री मला झोप नाही. तुमच्या घरी पेटी असेल तर आत्ता करून बघा. पंचम दाबून ठेवा, सोडू नका. त्याच्याबरोबर सा आणि ग दाबा. कसं, घरी पोहोचल्यासारखं वाटतं. आता पंचम तसाच, बाकीची बोटं उचलून ग आणि वरचा नी दाबा. तोच पंचम उदास झाला! आता नी आणि वरचा रे. तोच पंचम आता कशाची तरी वाट बघतोय, सा कडे ने म्हणतोय. सूर एकच, हललासुद्धा नाही, फक्त त्याची सोबत बदलली. आपण एका सुराला मींड, आंदोलन, कण देऊन त्याच्यातून अर्थ काढतो. ही माणसं सुराला हात न लावता त्याच्या पायाखालची जमीन बदलतात. आयुष्यभर पेटीवाल्याच्या शेजारी मांडी घालून बसलोय मी, आणि ही तीन बोटांची गंमत एकदाही करून बघितली नव्हती! माझी आई दारात येऊन म्हणाली, "अरे, तेच तेच काय दाबतोयस, पेटी बिघडली का?"

आईवरून आठवलं. तिला मी 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' ऐकवलं. वय पंच्याऐंशीच्या घरात, इंग्रजीचा गंध नाही. दोन ओळी झाल्या आणि म्हणाली, "हे तर शम्मी कपूरचं." मी म्हटलं, आई, हे इंग्लंडचं आहे. "असेल, पण शम्मी कपूरचंच." आणि तिचंच खरं निघालं. १९६५चा 'जानवर', संगीत शंकर-जयकिशन, त्यातल्या एका गाण्याला हीच चाल! म्हणजे माझ्या आईनं साताऱ्याच्या टॉकीजमध्ये बीटल्स ऐकले होते, माझ्या जन्माच्याही आधी, आणि कोणाला पत्ता नव्हता. भाषा गेली, वाद्यं बदलली, नाच वेगळा, तरी साठ वर्षांनी म्हातारीनं दोन ओळींत चाल ओळखली. मला आणखी काय पुरावा पाहिजे?

आता खरी गोष्ट. या लेखाला जिचं नाव दिलंय तिच्याकडे येतो.

आमच्या मजल्यावर एक तरुण राहतो, हिंजवडीला नोकरीला. त्याच्याकडे काळ्या तबकड्यांचा संग्रह आहे. हल्ली हे खूळ पुन्हा आलंय. माझा उत्साह पाहून त्यानं 'रिव्हॉल्व्हर'चं कव्हर माझ्या हातात दिलं, "काका, पाठीमागं वाचा." ऑगस्ट १९६६ची तबकडी. चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचत गेलो. 'लव्ह यू टू' या गाण्यापुढे लिहिलंय: अनिल भागवत, तबला. भागवत! आमच्या गावी भागवतांची तीन घरं. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या बँडच्या तबकडीवर, पाहुण्या वादकांची नावं छापायची पद्धतच नसताना, तबल्यासमोर भागवत हे नाव!

माणूस लंडनमध्ये होता. तिथं अयान अंगडी आणि त्यांची पत्नी पॅट्रिशिया यांनी १९४६मध्ये सुरू केलेली एशियन म्युझिक सर्कल ही संस्था होती, तिच्यामार्फत भारतीय वादक मिळत. एप्रिल १९६६मध्ये अंगडींचा भागवतांना फोन आला, आज संध्याकाळी मोकळे आहात का, जॉर्ज नावाच्या माणसाबरोबर वाजवायचंय. कोण जॉर्ज, काय, काही पत्ता नाही. न्यायला दारात रोल्स-रॉइस उभी राहिली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. स्टुडिओबाहेर चहाचे थर्मास घेऊन ताटकळणाऱ्या पोरींचा घोळका. आत हॅरिसननं त्यांच्याशी बसून तबला जुळवून घेतला, रविशंकरांच्या वळणाचं सोळा मात्रांत काहीतरी वाजवा म्हणाला, बाकी तुमच्या मनानं. मानधन मिळालं. आणि कव्हरवर नाव. पुढं त्यांनी सांगून ठेवलंय की त्या नावाचा त्यांना फार अभिमान होता. नसेल कसा!

आणि ते गाणं! आधी सतारीचा आलाप, ताल नाही. मग गत, तबला येतो आणि खणखणीत चालू राहतो. शेवटी लय वाढते, द्रुत, आणि विरत जातं. आलाप, गत, द्रुत, सगळं तीन मिनिटांत. हे ऐकताना मला आपल्या जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या आठवल्या. तासभर राग मांडणाऱ्या गवयांना एचएमव्हीनं सव्वातीन मिनिटांत बसवलं, आणि आपलं भावगीतही त्याच मापात जन्माला आलं. माप मशिननं दिलं. पण त्या मापानं फापटपसारा कापला, आणि कापून जे उरलं ते लोकांच्या तोंडी बसलं. ब्रिटिश पॉपचंही तेच. घड्याळ दोन्हीकडे सारखंच होतं.

एक मात्र म्हणायचं. पुढच्याच वर्षीच्या 'सार्जंट पेपर'मध्ये दिलरुबा, तंबोरा, तबला वाजवणारे लंडनमधलेच आपले वादक होते, त्यांतल्या दिलरुबावाल्यांत एक अण्णा जोशी. त्यांची नावं काही कव्हरवर आली नाहीत. कव्हरवर चेहऱ्यांची जत्रा भरवली, पण वाजवणाऱ्या हातांना जागा नाही, हे मला पटलेलं नाही.

आणि मुंबई राहिलीच की! जानेवारी १९६८. हॅरिसन फोर्टमध्ये, सर फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत, 'वंडरवॉल म्युझिक' नावाच्या चित्रपट-संगीताचं ध्वनिमुद्रण करायला आला. तिथं होतं मोनो यंत्र. मग कंपनीच्या भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं यंत्र कलकत्त्याहून रेल्वेनं मागवलं. भिंती तरी कुठं आवाज अडवणाऱ्या! नीट ऐकलं तर तबकडीवर टॅक्सी जाताना ऐकू येतात, असं हॅरिसन स्वतःच सांगायचा. संतूरला शिवकुमार शर्मा. बासरीला एस. आर. केंकरे. शहनाईला शरद आणि हनुमान जादेव. पेटी आणि तबलातरंगला देसाड. कोणत्याही बीटलची ही पहिली स्वतंत्र तबकडी, आणि तिच्यावरची नावं वाचताना मला आमच्या भजनी मंडळाची वर्गणीची पावती वाचल्यासारखं वाटलं. त्याच मुक्कामात 'द इनर लाइट'चा वाद्यमेळ झाला, त्यात बासरी हरिप्रसाद चौरसियांची. मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला येऊन जगभर गेलं. फोर्टमधून निघून थेट जगभर! शाळेत आम्हाला भाक्रा-नांगल शिकवलं, हे का नाही शिकवलं?

कोणी म्हणेल, ती पोरं नशीबवान. नशीब नव्हे हो, रियाज. १९६०पासून दोन वर्षं हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवायचे, कधी कधी आठ-आठ तास. म्हणून ११ फेब्रुवारी १९६३ला एका दिवसात पहिल्या अल्बमची दहा गाणी पुरी केली. मी प्रॉडक्शनच्या लोकांना हे मुद्दाम सांगतो. एका दिवसात दहा, आणि साठ वर्षांत एकही पीस फील्डमधून परत आलेला नाही.

पहिला नंबर म्हणजे टिकणं नव्हे, हेही तेवढ्यात सांगून टाकतो. १९६७मध्ये 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' अशी दोन रत्नं एकाच तबकडीवर आली आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या नंबरावर अडकली, कारण वर एंगलबर्ट हम्परडिंकचं 'रिलीज मी' ठाण मांडून बसलं होतं. हा हम्परडिंक जन्मानं मद्रासचा. क्लिफ रिचर्ड लखनौचा. आणि फ्रेडी मर्क्युरी? त्याचं तर आपल्या पाचगणीशीच नातं!

झांझिबारचा पारशी मुलगा फारुख बल्सारा, म्हणजे हाच फ्रेडी, १९५५च्या सुमाराला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. तिथं मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, त्यात तो पियानो वाजवायचा. मुख्य गाणारा दुसराच होता! त्याच बँडमधले फरांग इराणी पुढं आपल्या पुण्यात सिझलर्सचं हॉटेल चालवत होते. महाबळेश्वरला जाताना टेबललँडवर घोड्यावर बसून फोटो काढलेत मी, शाळेच्या बाजूला मान वळवूनही बघितलं नाही.

फ्रेडीच्या 'क्वीन' या बँडनं माझ्या म्हणण्याला एक आधार दिला आणि एक खिंडार पाडलं. आधार 'वी विल रॉक यू'. १९७७मध्ये स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये कार्यक्रम संपला तरी लोक गातच राहिले. गिटारवाल्या ब्रायन मेच्या मनात आलं की गर्दीत चेंगरून उभ्या असलेल्या माणसाला काय काय करता येतं? पाय आपटता येतो, टाळी वाजवता येते, गाता येतं. मग गाणंच तसं केलं. ड्रम नाहीत, लाकडी फळ्यांवर पाय आपटून तो ठेका ध्वनिमुद्रित केला. दोनदा पाय, एकदा टाळी, एक मात्रा रिकामी. ती रिकामी मात्रा म्हणजे जागा! तिच्यात पुढच्या दणक्याची वाट बघणं आहे. आमच्याकडे प्रत्येक शाळेच्या स्पोर्ट्स डेला पोरं हा ठेका धरतात, आणि त्यांतल्या निम्म्यांना गाणं ठाऊक नसतं. तबल्याशिवाय वाजणारा, वाद्यच न लागणारा ठेका! माझ्यासारख्यांच्या पोटावर पाय आहे, पण सलाम.

खिंडार 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. १९७५. सहा मिनिटांना पाच सेकंद कमी. ध्रुवपदच नाही, परत यायला खुंटीच नाही, मधे अर्धं ऑपेरा. माझ्या हिशेबानं हे कधीच विसरलं जायला हवं होतं. उलट ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या नंबरावर, आणि १९९१मध्ये फ्रेडी गेल्यावर पुन्हा पहिल्या नंबरावर. मुलगी म्हणते, "बाबा, त्यात एक जागा नाही, सगळ्या जागाच आहेत." हे उत्तर मी तिच्याकडून घेतलंय आणि अजून चघळतोय. पुरतं पटलेलं नाही. एक मात्र आहे. १३ जुलै १९८५ला वेम्ब्लीवर तो माणूस नुसत्या स्वरांच्या आरोळ्या देतो आणि बहात्तर हजार लोक त्याच्या मागोमाग तशाच परत करतात, ते चित्रण बघा. शाहीर आणि झीलकरी! झीलकरी बहात्तर हजार, एवढाच काय तो फरक.

परवा हे सगळं गावठाणातल्या देवळात आमच्या बुवांच्या कानावर घातलं. बुवा ऐंशीचे, कडक, चित्रपटातल्या चालीवर अभंग म्हटलेला त्यांना खपत नाही. भजन संपल्यावर प्रसादाची ताटली हातात असताना मी फोन पुढं केला आणि 'हिअर कम्स द सन' लावलं. बुवांनी डोळे मिटले, मांडीवर हात धरला. केरवा चालू. कडवं झालं, ती अकरांची जागा आली, आणि बुवांचा हात हवेत राहिला. बाकीचे टाळकरी हसायला लागले. बुवांनी डोळे उघडले, ताटली खाली ठेवली, म्हणाले, "हसताय काय? मागं घे रे. कुठनं उचलली ते बघू दे."

मागं घेतलं. पुन्हा हुकली. आता गुरुवारी मुलीला गिटारसकट घेऊन या म्हणालेत, आणि टाळ मी आणू का विचारत होते.